सिलिंडर आला, तरी चूल का?

ताडोबालगतच्या गावांत सरपणाला जाणे म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, गरीब घरांतही गॅस पोचला. तरी चंद्रपूर-गडचिरोलीत अनेक घरी चूल पेटतेच. हे अज्ञान म्हणायचे का? हिशेब करू.

किलोमागे गॅसमध्ये लाकडाच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते. शिवाय साध्या चुलीत ऊर्जेचा सातवा-आठवा हिस्साच भांड्याला मिळतो. शेगडीत निम्म्याहून अधिक. म्हणजे १ किलो गॅस १० किलोहून जास्त लाकडाचे काम करतो. १४.२ किलोचा सिलिंडर २० किलोच्या निदान ७ मोळ्या वाचवतो!

पण मोळीला श्रम लागतात, सिलिंडरला एकरकमी रोख. मोह-तेंदूपत्त्याच्या हंगामानंतर ती कुठून आणायची? बदलाचा वेग नुसत्या पटण्यावर नाही, हातातल्या पैशावरही ठरतो. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचा हिशेब मांडून पाहावा.