अडचण आधी शाळेला कळते

कडेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले तरी गावातल्या बायका 'बाई' म्हणूनच हाक मारतात आणि कुठला दाखला अडला की ओसरीवर येऊन बसतात. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली असतात, बचत गटाचे हप्ते थकलेले असतात, थोरल्या पोरीची शाळा सुटलेली असते. तलाठ्याला आणि बँकेला हे आज कळत असेल. पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षिकेच्या डोळ्यांपुढून ते केव्हाच गेलेलं असतं.

सोमवारच्या पंगतीत बसून बघा. पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात रोज 100 ग्रॅम तांदूळ आणि एकूण 450 कॅलरी, असं सरकारी माप आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पुढचं ताट थेट सोमवारी दुपारी. ज्या घरात चूल नीट पेटत नाही, ते पोर सोमवारी मान वर न करता जेवतं. माझ्या वर्गात एक दुसरीतली मुलगी होती. पहिला घास घ्यायच्या आधी ती निम्मा भात डब्याच्या झाकणात काढायची, वर बोटानं दाबून सपाट करायची आणि रुमालात गाठ मारून दप्तरात ठेवायची. विचारलं की म्हणायची, "भूक न्हाई बाई." स्वयंपाकाच्या मावशींनी तिला दुसऱ्यांदा वाढायला सुरुवात केली आणि मी संध्याकाळी घरी गेले. वडील वारलेले, आई खुरपणीला, आणि तीन वर्षांचा भाऊ आंधळ्या आजीपाशी. त्याचं नाव अंगणवाडीत घातलेलंच नव्हतं. अंगणवाडी शाळेच्याच आवारात होती, दुसऱ्या दिवशी नाव लागलं.

पुढचं काम मात्र कागदाचं. एक पालक गेलेल्या मुलाला बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळतात. 2023 पासून ही रक्कम आहे, आधी 1,100 होती. फक्त अनाथांसाठीच ती आहे असा गावात समज. आई हयात असली तरी चालतं. घटस्फोट झालेला असो, पालक दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळलेला असो की तुरुंगात असो, तरी अर्ज करता येतो. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, मुलाचं बँक पासबुक, शाळेचं बोनाफाईड, आणि घरासमोर पालकासोबत उभं राहून काढलेला फोटो. अर्ज जातो सांगलीला, महिला व बालविकास खात्याकडे, आणि आदेश काढते बालकल्याण समिती. रोजंदारीच्या बाईला यातला प्रत्येक कागद म्हणजे एक बुडालेला दिवस. निम्म्या जणी तिसऱ्या कागदाला हात टेकतात. शाळेकडे यातले बरेच कागद आधीच असतात, झेरॉक्स काढायची तेवढी बाकी. म्हणून मी म्हणते, शाळेनं कुटुंबाला मदत करायची म्हणजे काही पैसे वाटायचे नाहीत. कागद पुरा होईपर्यंत सोबत राहायचं.

अडचण दर वेळी पैशाचीच असते असंही नाही. आमच्या भागातले लोक गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेले आहेत, सोनं-चांदी गाळायला कुठे कुठे जाऊन बसलेत. घरी पैसे वेळेवर येतात, पण पोर आजी-आजोबांकडे. आजीला अक्षर येत नाही, पालकसभेला कोणी येत नाही, आणि चौथीतला मुलगा वर्गात गप्प गप्प होत जातो. त्याला योजना नको असते. त्याच्या बापाला महिन्यातून एकदा फोन लावून पोराबद्दल चार वाक्यं सांगणारं माणूस हवं असतं.

आणि एक तिसरी तऱ्हा. ताकारी-टेंभू योजनांचं पाणी आलं, माळरानावर ऊस उभा राहिला, वांगीचा सोनहिरा आणि कुंडलचा क्रांती कारखाना जवळच. ज्या मातीतून माणसं पोटासाठी बाहेर जायची, तिथं आता दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि पोरं कोप्यांवर. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर उभी असते, तिची शाळा मराठवाड्यात राहिलेली. अशा मुलीला दाखल्यासाठी परत पाठवणारे हेडमास्तर मी पाहिलेत. 2009 चा शिक्षण हक्क कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मूल वयानुसार वर्गात बसवायचं असतं. कडेवरच्या भावासकट आली तर त्यालाही अंगणवाडीत बसू द्यावं, म्हणजे ती दुसऱ्या दिवशीही येते. एवढं साधं आहे.

शाळेनं पोराच्या घरापर्यंत बघायचं, हा विचार आपल्याकडे काही परदेशातून आलेला नाही. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आमच्या तालुक्यातल्या देवराष्ट्र्यात, आजोळी, 12 मार्च 1913 ला यशवंतराव चव्हाण जन्मले. वडील लहानपणीच प्लेगात गेले, आई विठाबाईंनी पोरं वाढवली. तेच यशवंतराव मुख्यमंत्री असताना वर्षाला 1,200 रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची फी माफ झाली, ती ईबीसी सवलत. शाहू महाराजांबद्दल कितीही आदर असला तरी दंडाची वाट आज उपयोगाची नाही. सलग गैरहजर पोराच्या मागे बहुधा आईचं आजारपण असतं किंवा बापाची दारू. दंड त्यात भरच घालेल. तमिळनाडूनं उलटी वाट धरली. 15 सप्टेंबर 2022 पासून तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत पहिली ते पाचवीच्या मुलांना सकाळची न्याहारी सुरू झाली. आपल्याकडेही ती हवी. सोमवारची तर हवीच हवी.

शिक्षक या सगळ्यावर चिडतील, आणि त्यांचं चुकत नाही. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती, आधार जुळवणी, निवडणुकीची कामं. गृहभेटीला वेळ कुठला? म्हणून सगळं एकट्या गुरुजींवर टाकू नये. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. सह्यांपुरती बोलावली जाणारी ही समिती खरी कामाची आहे, कारण जी गोष्ट बाई शिक्षकाला सांगत नाही ती नळावर शेजारणीला सांगते. महिन्यातून एक दिवस तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि आशाताई शाळेच्या व्हरांड्यात बसले, तर निम्मे कागद तिथंच सुटतील. वर्षातून एकदा मुलांच्या आरोग्य तपासणीला पथक येतं, त्या दिवशी आईलाही बोलवावं. पोराच्या हृदयातलं छिद्र कागदावर लिहून नेलं जातं आणि घरी कळतच नाही, असं होऊ नये.

एक गोष्ट मात्र बंद व्हावी. दप्तर, वह्या, स्वेटर वाटायचे आणि पोरांना रांगेत उभं करून फोटो पेपरात द्यायचे. तो स्वेटर घालायला पोरं लाजतात, मी पाहिलंय. द्यायचं ते शाळा सुटल्यावर, गुपचूप द्यावं.

तुमच्या गल्लीत असं घर असेल तर जून उजाडायची वाट बघू नका. उद्या शाळेत जा, बाईंना सांगा, अर्ज भरायला बसा. मूल धोक्यात दिसत असेल तर 1098 हा नंबर फिरवा, तो फुकट लागतो.