गोंधळी संच : बदलता वाद्यमेळ, श्रोते व टिकाऊपणा

गोंधळी संच : देवीच्या उपासनेतील गोंधळ हे विधिनाट्य सादर करणारा गायक-वादकांचा वंशपरंपरागत समूह. एक नायक व त्याचे काही साथीदार मिळून हा संच बनतो. विवाह, मुंज, जावळ इ. मंगल कार्यांनंतर कुलदेवतेचे ऋण फेडण्यासाठी यजमानाच्या अंगणात रात्री गोंधळ घालण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर हे तुळजाभवानीचे स्थान या परंपरेचे एक प्रमुख केंद्र असून माहूर येथील रेणुकेचे स्थान हे दुसरे होय. गोंधळ्यांच्या कदमराई व रेणुराई या दोन मुख्य शाखांपैकी कदमराई तुळजाभवानीशी, तर रेणुराई रेणुकेशी निगडित आहेत. वाद्यमेळात बदल होत असताना कलावंतांच्या समूहाचे श्रोते टिकतात की दुरावतात, हा प्रश्न जगातील बहुतेक संगीतपरंपरांपुढे उभा राहिलेला आहे. गोंधळी संचाच्या उदाहरणावरून त्याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

प्राचीन उल्लेख : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात ‘गोंडली’ नावाच्या नृत्याचा निर्देश आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर या तेराव्या शतकातील ग्रंथातही त्याच्याशी मिळतेजुळते नाव येते. या नृत्याचा आजच्या गोंधळाशी संबंध असावा, असे काही संशोधकांचे मत आहे. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण हे धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व सीमेपासून दूर नाही. हा संबंध मान्य केल्यास राजदरबारी नृत्यापासून लोकविधीपर्यंत, किंवा त्याच्या उलट दिशेने, या कलेने मोठे स्थित्यंतर पाहिले असले पाहिजे. म्हणजे परिवर्तन ही या परंपरेत नव्याने शिरलेली गोष्ट नव्हे.

मूळ वाद्यमेळ : संबळ, तुणतुणे व झांज ही गोंधळाची मुख्य वाद्ये होत. संबळ हे चर्मवाद्य दोन भांड्यांचे असते. त्यातील एक लहान व चढ्या आवाजाचे, तर दुसरे मोठे व खर्जातील असते. ही भांडी एकमेकांना जोडून कमरेशी बांधतात व दोन काठ्यांनी वाजवितात. त्यांपैकी एका काठीचे टोक वळलेले असते. तुणतुण्यात लाकडी नळकांड्याच्या तळाला कातडे मढविलेले असून त्यातून निघालेली तार बाजूच्या काठीवरील खुंटीला ताणून बांधलेली असते. एकाच तारेचे हे वाद्य आधारस्वर देते व त्याच वेळी लयही राखते. गोंधळाचे काकड्या व संबळ्या असे दोन प्रकार सांगितले जातात. त्यांतील दुसऱ्यास वाद्यावरूनच नाव मिळाले आहे. वाद्य बदलले, तर विधीची ओळखच बदलते, अशी जुन्या यजमानांची जी भावना असते, तिचे मूळ यात आहे.

या वाद्यमेळाचा नाद विशिष्ट परिस्थितीत घडला. उघडे अंगण, पेटती दिवटी, जमिनीवर बसलेली वस्ती आणि उजाडेपर्यंत चालणारे निवेदन ही त्याची चौकट होय. प्रारंभी चौक भरून देवीची स्थापना करतात. नंतर तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, पंढरपूर, जेजुरी अशा ठिकाणच्या देवदेवतांना नावानिशी गोंधळास पाचारण केले जाते. पुढे गण, पदे व जोगवा होऊन उत्तररंगात नायक आख्यान लावतो आणि आरतीने समाप्ती होते. आख्यानात नायक निरूपण करतो व साथीदार प्रश्न विचारून, विनोद करून त्यास पुढे नेतो. संबळाची लय कधी बोलण्यामागे दबते, तर कधी पदाबरोबर उसळते. व्यवहारात ‘गोंधळ’ या शब्दाला अव्यवस्था असा अर्थ चिकटला असला, तरी प्रत्यक्षात या विधीचा क्रम काटेकोर असतो.

परिवर्तनाचे टप्पे : गोंधळी संचाच्या ध्वनीत विसाव्या शतकात जे बदल झाले, त्यांची कारणे मुख्यतः तीन दिसतात : नवी वाद्ये, ध्वनिवर्धन आणि ध्वनिमुद्रण.

पेटी (हार्मोनियम) व ढोलकी यांचा शिरकाव तमाशा, कीर्तन व भजनी मंडळे यांच्या सान्निध्यातून झाला. पेटीमुळे गायकाला चालीचा आधार मिळाला. परंतु तुणतुण्याच्या एकाच स्वराभोवती मोकळेपणाने फिरणारा गळा पेटीच्या ठरलेल्या स्वरांना बांधला गेला. ध्वनिवर्धकामुळे संबळाचा आवाज गावभर पोहोचू लागला, तर तुणतुण्याचा बारीक नाद त्याखाली झाकला जाऊ लागला. त्यापुढील टप्प्यात कळफलकाची विद्युत् वाद्ये व ‘ऑक्टोपॅड’ आले. या साधनाने अनेक तालवाद्यांचे आवाज एकच वादक काढू शकतो. माणसांची संख्या घटते व बिदागीचा वाटा वाढतो, हे त्यामागील व्यावहारिक कारण होय. ओलसर हवेत संबळाचे कातडे सैल पडते व ते शेकून घ्यावे लागते, ही अडचणही त्यात राहत नाही.

ध्वनिमुद्रणाचा परिणाम अधिक दूरगामी ठरला. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सु. तीन मिनिटांचे गाणे बसे. साठ मिनिटांच्या ध्वनिफितीची एक बाजू तीस मिनिटांची असे. ध्वनिफिती स्वस्त झाल्यावर १९८० नंतर देवीची गाणी, आराधी गीते व गोंधळाची पदे घरोघरी व यात्रेच्या वाटेवर ऐकू येऊ लागली. तथापि रात्रभराचे आख्यान त्यात मावत नव्हते. त्यातील वेगवान व सहज लक्षात राहणारी पदे तेवढी वेगळी काढली गेली व श्रोते प्रत्यक्ष गोंधळातही त्यांचीच फर्माईश करू लागले. चित्रपटाने या प्रक्रियेस गती दिली. सावरखेड : एक गाव (२००४) या चित्रपटातील अजय–अतुल यांच्या गोंधळगीताने व त्यांच्याच जोगवा (२००९) या चित्रपटातील संगीताने संबळाचा नाद मोठ्या वाद्यवृंदासह शहरी तरुणांपर्यंत नेला. जोगवा च्या संगीतास राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारही लाभला.

श्रोत्यांचे दोन वर्ग : गोंधळी संचाच्या श्रोत्यांत दोन वर्ग स्पष्टपणे वेगळे करता येतात. पहिला वर्ग यजमान कुळांचा. ठराविक कुळे ठराविक गोंधळ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात. त्यांना गोंधळाकडून करमणुकीपेक्षा विधीची पूर्तता अपेक्षित असते. त्यांच्या दृष्टीने चौक, देवतांचे आवाहन, दिवटी व संबळ ही अंगे अपरिहार्य असून मधल्या पदांच्या चाली बदलल्या तरी चालतात. दुसरा वर्ग प्रेक्षकांचा. यात्रा, गणेशोत्सव, नवरात्रोत्सव व शासकीय महोत्सव या ठिकाणी तो भेटतो. त्याला विधीचे बंधन नसते; रंगत मात्र लागते. शारदीय नवरात्रात व त्यानंतरच्या आश्विन पौर्णिमेस तुळजापुरात महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातूनही पायी येणारे भाविक जमतात. ज्यांना मराठी आख्यान नीट कळत नाही, त्यांनाही संबळाचा ठेका कळतो. अशा समुदायासमोर निरूपण आखडते व ताल वाढतो, हे स्वाभाविकच आहे.

एकाच संचाला या दोन्ही वर्गांना धरून राहावे लागते व खरी ओढाताण येथेच होते. चाल न बदलणारा संच यजमानांचा विश्वास राखतो. परंतु कार्ये वर्षातील ठराविक महिन्यांतच होत असल्याने त्याचे पोट भरत नाही. झपाट्याने बदलणारा संच रंगमंचावर गाजतो; परंतु त्याची जागा दुसरा, अधिक मोठा आवाज असलेला संच सहज घेऊ शकतो. नवखा प्रेक्षक रंगतीसाठी येतो व रंगतीसाठीच दुसरीकडे जातो. यजमान मात्र नात्याने बांधलेला असतो.

या ओढाताणीतून ‘जागरण-गोंधळ पार्टी’ हा नवा प्रकार रूढ झाला. जागरण हा मूलतः खंडोबाचा विधी असून तो वाघ्या-मुरळी दिमडी, घोळ व तुणतुणे यांच्या साथीने करतात. धाराशिव जिल्ह्यात तुळजाभवानीबरोबरच अणदूर-नळदुर्गचा खंडोबा व येरमाळ्याची येडेश्वरी यांचाही मोठा भक्तवर्ग आहे. त्यामुळे एकाच घरातील दोन्ही कुळाचार एका रात्रीत उरकून देणारी पार्टी यजमानाला सोयीची वाटते. तथापि, दोन स्वतंत्र विधींचे नाद यात एकमेकांत मिसळतात व कोणते वाद्य कोणत्या दैवताचे, हा भेद पुढच्या पिढीस सांगावा लागतो.

तुलना : पाश्चात्त्य संगीतात सु. १९६८ नंतर इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या प्रवाहातील वाद्यवृंदांचा इतिहास या संदर्भात उद्‌बोधक आहे. गोंधळाप्रमाणेच दीर्घ रचना हे त्याचे वैशिष्ट्य होते. दीर्घ वादनाच्या तबकडीची एक बाजू वीस मिनिटांहून अधिक चालत असल्यामुळे अशा रचनांना वाव मिळाला. ‘येस’ या वाद्यवृंदाची क्लोज टू द एज (१९७२) ही रचना तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. जे ध्वनिमुद्रण गोंधळाला आखूड करणारे ठरले, त्याच्याच एका प्रकाराने या संगीताला लांबी दिली. पुढे ‘जेनेसिस’ या वाद्यवृंदातून प्रमुख गायक पीटर गेब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला व फिल कॉलिन्सच्या काळात त्यांची गाणी आटोपशीर व सोपी होत गेली. ‘येस’नेही १९८३ मध्ये तोच मार्ग धरला. दोघांनाही पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा श्रोतृवर्ग लाभला. पण जुन्या रसिकांत दोन तट पडले. याउलट ‘किंग क्रिम्झन’ने घटक कलावंत व ध्वनी वारंवार बदलूनही रॉबर्ट फ्रिप या एका सूत्रधाराच्या आधारे आपली ओळख राखली. बदलाचे प्रमाण किती, यापेक्षा बदलात स्थिर काय राहिले, यावर रसिकांची निष्ठा अवलंबून असते, असे यावरून म्हणता येईल.

मात्र या तुलनेस मर्यादा आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंद फुटला, तरी त्याच्या ध्वनिमुद्रिका मागे राहतात. गोंधळी संचाची आख्याने बव्हंशी मौखिक आहेत. एखाद्या नायकाने आख्यान लावणे सोडले व त्याच्या मुलाने केवळ पदे शिकली, तर ते आख्यान एका पिढीत लुप्त होते. बदलत्या ध्वनीची खरी किंमत ही आहे.

टिकाऊपणाची अंगे : आख्यानाची ताकद शाबूत ठेवून रंगमंच जिंकता येतो, याचीही उदाहरणे आहेत. परभणीचे राजारामबापू कदम यांनी गोंधळातील आख्यानपरंपरेस जाणकारांत प्रतिष्ठा मिळवून दिली. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी द्रौपदी व कर्ण यांच्या लोककथेवरील जांभूळ आख्यान नागर रंगभूमीवर आणले. तेथे प्रयोगाचा वेळ आटोपशीर झाला, प्रकाशयोजना आली. परंतु निरूपण, साथीदाराचे प्रश्न व वाद्यांचा संवाद ही अंगे राहिली. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत आता गोंधळाचे शिक्षण दिले जाते. त्यामुळे वंशपरंपरेबाहेरील विद्यार्थीही ही कला शिकू लागले आहेत.

कायद्याचाही या कलेच्या स्वरूपावर परिणाम झाला आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई असून सणांच्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. परिणामी ध्वनिवर्धकावर अवलंबून असलेल्या पार्टीला ऐन आख्यानाच्या वेळी थांबावे लागते, तर केवळ तुणतुणे, झांज व गळा यांवर अंगणापुरता गोंधळ घालणाऱ्या संचाची त्यामुळे फारशी अडचण होत नाही. जुन्या वाद्यमेळाला अनपेक्षितपणे मिळालेला हा आधार म्हणता येईल.

सामाजिक बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. गोंधळी समाजाचा समावेश महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात होतो. शिक्षण व नोकरीच्या संधी मिळू लागल्याने अनेक घरांतील तरुण अन्य व्यवसायांत गेले, ही इष्ट गोष्ट आहे. कलेच्या जतनासाठी त्यांनी दारोदारी फिरत राहावे, अशी अपेक्षा न्याय्य ठरणार नाही. मात्र ज्यांना ही कला चालवावयाची आहे, त्यांना त्यावर सन्मानाने जगता आले, तरच ते पदांबरोबर आख्यानही शिकतील.

सारांश, पेटी आली म्हणून गोंधळ मोडला नाही व ऑक्टोपॅडमुळेही तो मोडेलच असे नाही. देवतांचे आवाहन, संबळाचा ठेका व नायक-साथीदारांतील संवाद यांपैकी काही ना काही अखंड राहिले, तोवर यजमानाने नव्या आवाजातही जुना गोंधळ ओळखला आहे. आख्यान सुटल्यास मात्र संच टिकेल, त्याला श्रोतेही मिळतील. पण तो केवळ देवीची गाणी गाणारा वाद्यवृंद म्हणूनच उरेल.