डोळे मिटले की तोल जातो?

आळंदीला ‘जागृती’ ही अंध मुलींची शाळा आहे. भोसरी-मोशी-चाकण हा कारखान्यांचा पट्टा तिला खेटूनच. या भागात काय किंवा इतरत्र काय, अंध मुलगी मैदानात धावणार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “पडली तर?” मग काळजीपोटी तिला पीटीच्या तासाला कडेला बसवलं जातं.

तोल डोळेच सांभाळतात, हा त्या काळजीमागचा गैरसमज. प्रत्यक्षात मेंदूला तोलाची खबर तीन ठिकाणांहून मिळते. डोळे, कानाच्या आतल्या भागातली तोलाची इंद्रियं, आणि तळपाय, स्नायू, सांधे यांतल्या संवेदना. डोळ्यांकडची खबर थांबली तरी उरलेल्या दोन चालूच असतात.

याच्या उलट गैरसमजही तितकाच पक्का आहे: दृष्टी गेली की बाकीची इंद्रियं आपोआप तल्लख होतात. ऐकायला बरं वाटतं, पण तोलाच्या बाबतीत याला आधार नाही. २००७ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात इटलीतल्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यात अंध व्यक्तींमध्ये अशी आपसूक भरपाई आढळली नाही. त्याआधी, २००६ साली तुर्कस्तानातल्या संशोधकांनी गोलबॉल हा घुंगरांच्या चेंडूचा खेळ खेळणारे अंध खेळाडू आणि न खेळणारे अंध यांची तुलना केली होती. डावी-उजवीकडचा तोल खेळाडूंचा सरस निघाला. आधीपासून चपळ असलेलेच खेळाकडे वळले असतील, ही शंका रास्त आहे. तरीही भरपाई आपोआप होत नसेल, तर सरावाची संधी नाकारणं हाच मोठा धोका ठरतो.

सराव काय करू शकतो, हे महाराष्ट्राने मल्लखांबावर पाहिलं आहे. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी अंध मुलींनाही मल्लखांब शिकवला आणि दादरच्या कमला मेहता अंधशाळेतल्या मुली दोरीच्या मल्लखांबाची प्रात्यक्षिकं करू लागल्या. दोरीवर चढताना ती पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरायची असते. पुढे मांडीला, कमरेला वेढा पडतो. दोरी कुठे घट्ट रुतते आणि कुठे सैल पडते, यावरून शरीराचा भार कुठे आहे ते कातडीलाच कळतं. उलटं लटकतानाही ही खबर तुटत नाही.

म्हणूनच आधाराला हात लावणं म्हणजे दुबळेपणा, हे मतही टिकत नाही. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी १९९४ साली दाखवलं की स्थिर वस्तूला बोटाचं टोक जेमतेम टेकवलं, म्हणजे १०० ग्रॅमपेक्षाही कमी भार दिला, तरी उभ्या माणसाचं डुलणं लक्षणीय कमी होतं. इतक्या भाराने शरीर पेललं जात नाही. मिळते ती माहिती. पांढरी काठीही हेच काम करते. अंधांच्या ज्युडोत लढत सुरू होतानाच दोघांना एकमेकांची पकड दिली जाते, आणि त्या पकडीतून प्रतिस्पर्ध्याचा तोल ढळल्याचं कळतं. भारताच्या कपिल परमारने याच खेळात २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं.

अंध खेळाडूला काहीच दिसत नाही, हेही सरसकट खरं नाही. धावण्यात टी-११, टी-१२, टी-१३ असे दृष्टीनुसार गट असतात. टी-११ मधले धावपटू डोळ्यांवर पट्टी बांधून सहधावकासोबत पळतात. थोडी दृष्टी असलेल्याला तोलासाठी तिचाही उपयोग होतो, त्यामुळे प्रत्येकाचा सराव वेगळा आखावा लागतो.

चाकण पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीला ‘जागृती’सारख्या शाळेसाठी काही करायचं असेल, तर गोलबॉलचं मैदान आखून द्यावं. १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद सपाट जागा, आणि रेषांच्या चिकटपट्टीखाली सुतळी, म्हणजे हातापायांना रेषा लागते. घुंगरांचा चेंडू सव्वा किलोचा. त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून खेळ चालू असताना प्रेक्षकांनी गप्प राहायचं, असा नियम आहे. तेव्हा जागा हॉर्न आणि यंत्रांच्या आवाजापासून दूर, शक्यतो पत्र्याच्या शेडखाली नसलेली निवडावी.