लेखनप्रेरणा आणि हुंकार देणारा वाचक

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :
• काव्यहेतूंच्या आधारे लेखनप्रेरणेचे स्वरूप सांगता येईल.
• मराठी साहित्याच्या वाटचालीत लेखकसमूहांचे कार्य स्पष्ट करता येईल.
• स्वतःच्या लेखनासाठी छोटे वाचनमंडळ उभारता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, सर्जनशील लेखनाची ओढ असलेल्या अनेकांच्या घरी एक वही असते. तिची पहिली दहा-बारा पाने भरलेली असतात, पुढची कोरी. नोकरी, शेती, दुकान, संसार यांतून वेळ काढून लिहायला बसावे, तर दोन-चार दिवसांत उत्साह ओसरतो. मग ‘आपल्या अंगी प्रतिभाच नाही’ असे मनाशी ठरवून वही कपाटात जाते. हा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो. पुष्कळांचे लेखन प्रतिभेअभावी थांबत नाही. ते ऐकणारे कोणी नसल्यामुळे थांबते. हे असे का घडते आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार आपण प्रस्तुत घटकात करणार आहोत.

२. बोलणे, लिहिणे आणि हुंकार

भाषेच्या व्यवहारात बोलणारा कधीच एकटा नसतो. समोरचा माणूस ‘हं’, ‘बरं’, ‘मग?’ असे अधूनमधून म्हणत असतो. या लहान शब्दांना कोशात फारसा अर्थ नसला तरी संभाषणात त्यांचे काम मोठे असते. आपले बोलणे पोहोचत आहे, पुढे बोलावे, असा दिलासा त्यांतून मिळतो. आजीची गोष्ट ऐकताना नातवंडांनी हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की गोष्टही थांबते. शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. जात्यावर दोघीजणी बसल्या की एकीच्या ओवीला दुसरीची साथ मिळते. आपल्या मौखिक परंपरेत निर्मिती आणि प्रतिसाद एकाच जागी, एकाच वेळी नांदत आले आहेत.

लिहिणाऱ्याच्या वाट्याला मात्र हा हुंकार येत नाही. कागद कधी ‘मग?’ असे विचारत नाही. लेखनाचा उत्साह टिकत नाही याचे एक मूळ कारण या भाषिक एकाकीपणात आहे. म्हणून लेखकाला आपल्या हुंकाराची सोय जाणीवपूर्वक करावी लागते.

३. काव्यशास्त्राची साक्ष

काव्यनिर्मितीच्या कारणांना संस्कृत काव्यशास्त्रात ‘काव्यहेतू’ म्हणतात. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात शक्ती म्हणजे प्रतिभा, लोकव्यवहार व शास्त्रादींच्या अवलोकनातून येणारी निपुणता आणि अभ्यास अशा तीन गोष्टी सांगितल्या आहेत. येथे दोन बाबी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, तीन गोष्टी सांगूनही मम्मट ‘हेतू’ हा शब्द एकवचनी योजतो. तिन्ही मिळून एकच कारण होते, असे त्याला सुचवायचे आहे. दुसरी बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. त्याला अभिप्रेत असलेला अभ्यास एकट्याने गिरवायचा नाही; काव्य जाणणाऱ्यांच्या मार्गदर्शनाने करायचा आहे.

मम्मटाच्या आधीच्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात कवीची दिनचर्याच आखून दिली आहे. दिवसाचा पहिला प्रहर अध्ययनाचा, दुसरा रचनेचा, तिसरा काव्यगोष्ठीचा आणि चौथा सकाळी केलेल्या रचनेच्या परीक्षणाचा. हे परीक्षण कवीने एकट्याने किंवा मोजक्या मंडळींसह करावे, असे तो सांगतो. स्फूर्तीची वाट पाहत बसण्याऐवजी वेळेचे नियोजन आणि माणसांचा सहवास यांवर त्याचा भर दिसतो. निर्माण करणारी ती कारयित्री प्रतिभा आणि आस्वाद घेणारी ती भावयित्री प्रतिभा, असा भेदही त्यानेच केला. लेखकाला दोहोंची गरज असते आणि दुसरी बहुधा दुसऱ्या माणसाकडून मिळवावी लागते.

४. मराठी परंपरेतील काही उदाहरणे

१८७८ मध्ये न्या. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. लिहिणाऱ्यांनी एकत्र यावे ही गरज तेव्हाच जाणवली होती. १९२३ मध्ये पुण्यातच रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आदी मंडळी एकत्र जमून आपापल्या कविता वाचीत आणि त्यांवर चर्चा करीत. ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी लेखकांशी चर्चा करून लेखन पुन्हा लिहून घेतले. येथे संपादक हाच पहिला सहृदय वाचक झाला.

तथापि, प्रत्येकाला प्रस्थापित वर्तुळात हुंकार मिळत नाही. ज्यांचे जगणे त्या वर्तुळाला अपरिचित होते, त्यांना आपले व्यासपीठ आपणच उभारावे लागले. १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. पुढे गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालविलेल्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने आणि त्याच्या मेळाव्यांनी अनेक नव्या लेखकांना वाचक मिळवून दिले.

बेबी कांबळे यांचे उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना जवळचे वाटेल. फलटण येथे छोट्या किराणा दुकानात बसून, घरच्यांच्या नजरेआड त्यांनी आपली कहाणी लिहिली. हे लेखन अनेक वर्षे लपवून ठेवलेले होते. फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते प्रसिद्ध करण्यास प्रोत्साहन दिले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या टिपून ठेवणारे सोपानदेवांसारखे श्रोते घरातच होते, म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्या मराठी वाचकांपर्यंत पोहोचल्या. या दोन्ही उदाहरणांत समूह मोठा नाही. एक जागरूक माणूसही पुरेसा ठरतो.

५. वाचनमंडळाची उभारणी

तुमच्या अभ्यासकेंद्रावरील किंवा गावातील सार्वजनिक ग्रंथालयातील तीन ते पाच जण निवडा. सर्वांनी लिहिणारेच असावे असे नाही. लक्षपूर्वक ऐकणारा एक वाचकही मोलाचा असतो. महिन्यातून एक दिवस व वेळ ठरवा आणि कोणाचे लेखन झाले नसले तरी बैठक चुकवू नका. प्रत्यक्ष भेटणे शक्य नसेल, तर ठरलेल्या दिवशी लेखन मोठ्याने वाचून त्याचे ध्वनिमुद्रण भ्रमणध्वनीवरून पाठवावे.

वाचन मोठ्याने व्हावे, कारण वाक्य कोठे अडते हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते. ऐकणाऱ्यांनी ‘छान आहे’ एवढ्यावर थांबू नये. आपल्याला काय समजले, लक्ष कोठे सुटले आणि पुढे काय जाणून घ्यावेसे वाटले, ही तीन उत्तरे द्यावीत. लेखकाने तेव्हा खुलासा करू नये. फक्त टिपून घ्यावे. जो खुलासा द्यावासा वाटला, तो बहुधा लेखनात यायचा राहिलेला असतो. दिवाळी अंकांसाठी साहित्य पाठविण्याची मुदत हे मंडळाचे वार्षिक उद्दिष्ट ठेवता येईल.

६. समूहाच्या मर्यादा

समूह जसा तारतो, तसा गुंतवतोही. परस्परांची स्तुती करणारे मंडळ हळूहळू एकाच साच्यात लिहू लागते. १९२५ मध्ये आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाने तत्कालीन कवितेतील अशाच साच्यांवर बोट ठेवले आणि रविकिरण मंडळाची कविताही त्यातून सुटली नाही. याउलट, जेथे थट्टा होते तेथे नवा लेखक मिटून जातो. तेव्हा मंडळात आपल्याहून वेगळे वय, व्यवसाय आणि बोली असणारी माणसे असावीत. घरात अनुकूलता नसेल, तर पहिला वाचक घराबाहेर शोधण्यात काही वावगे नाही. शेवटी वाक्य एकट्यालाच लिहावे लागते; समूह फक्त पुढच्या वाक्याची वाट पाहतो. ही वाट पाहिली जाणे हेच प्रेरणेचे विश्वासार्ह रूप होय.

७. सारांश

प्रेरणा ही अकस्मात येणारी देणगी आहे, असे मानल्यास लेखन खंडित होते. प्रतिभा, निपुणता आणि जाणकारांच्या सहवासातील अभ्यास यांच्या एकत्रीकरणातून ती टिकते. मराठीतील अनेक लेखकांना मंडळ, नियतकालिक, संपादक किंवा एखादा श्रोता यांचा हुंकार लाभला. असा हुंकार लहानशा वाचनमंडळातूनही मिळविता येतो.

८. स्वाध्याय

१) मम्मटाने ‘हेतू’ हा शब्द एकवचनी का योजला असावा, ते स्पष्ट करा.
२) बेबी कांबळे आणि बहिणाबाई चौधरी यांना लाभलेल्या प्रतिसादाची तुलना करा.
३) स्वतःच्या लेखनाचे एक पान कोणास तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याची तीन उत्तरे त्याच वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर लिहा.