पाचशेवरून एक

पाण्याचे पाइप आणि विजेच्या वायरींवरचं आवरण ज्या पीव्हीसीचं असतं, ते बनतं व्हिनाइल क्लोराइड या वायूपासून. दुसऱ्या महायुद्धानंतर पीव्हीसीची मागणी झपाट्याने वाढली. रिअ‍ॅक्टरमधून पीव्हीसीचा प्रत्येक घाणा बाहेर काढला की आतल्या भिंतींना थर चिकटलेला असे. तो खरवडायला कामगार छिन्नी-हातोडा घेऊन आत उतरत. थरात अडकलेला, किंचित गोडसर वासाचा वायू छातीत जाई. भोवळ आली तर बाहेर येऊन मोकळी हवा घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायचं.

साठच्या दशकात याच कामगारांच्या बोटांच्या टोकांची हाडं झिजत असल्याचं दिसलं. १९७० मध्ये इटलीचे संशोधक व्हिओला यांनी या वायूमुळे उंदरांना कर्करोग झाल्याचं सांगितलं. पुढे बोलोन्यात संशोधक माल्टोनी यांना २५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५० भाग) मात्रेवरही उंदरांत गाठी आढळल्या. अमेरिकेत तेव्हा कामगारांसाठी मर्यादा होती ५०० पीपीएम! ही माहिती कंपन्यांना कळली होती, पण गुप्ततेच्या करारामुळे ती कामगारांपर्यंत पोहोचली नाही.

जानेवारी १९७४ मध्ये मात्र लपवणं अशक्य झालं. केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या गुडरिच कारखान्यातले कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमाने दगावल्याचं जाहीर झालं. हा कर्करोग इतका विरळा, की एकाच कारखान्यात अनेक रुग्ण निघणं हा योगायोग असूच शकत नव्हता. कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच यांनी तो धागा पकडला.

एप्रिलमध्ये मर्यादा तातडीने ५० पीपीएमवर आणली गेली आणि ऑक्टोबरमध्ये १ पीपीएमचा नियम जाहीर झाला. उद्योगाने आकांत मांडला: हे तंत्र उपलब्धच नाही, कारखाने बंद पडतील, लाखो नोकऱ्या जातील. न्यायालयाने नियम कायम ठेवला. मग काय झालं? भिंतींना थर चिकटू न देणारं लेपन आलं, बंदिस्त प्रक्रिया आली, उरलेला वायू परत मिळवून वापरता येऊ लागला. गुडरिचने तर आपलं तंत्र इतरांना विकलं. उत्पादन थांबलं नाही.

धोका संपला असंही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनजवळ रेल्वे घसरली आणि पाच टाक्यांमधला हाच वायू पेटवून देण्यात आला. ते पेटवणं गरजेचं नव्हतं, असा निष्कर्ष नंतर चौकशीत निघाला.

या इतिहासाचा निवाडा सरळ आहे. ‘शक्य नाही’ म्हटलेलं काम कायद्याचा बडगा बसताच वर्ष-दोन वर्षांत झालं. ते आधी झालं असतं, तर काही कामगार वाचले असते.