दाखला पेणचा की रोह्याचा?

विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. पांडुरंगशास्त्री आठवले १९ ऑक्टोबर १९२० चे, रोह्याचे. चिंतामणराव देशमुखांनाही रोहेकर आपलाच माणूस मानतात, घराणं तिथलंच. पण त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. या तिघांचे जन्मदाखले आज काढायचे म्हटले, तर विनोबांसाठी पेणला जावं लागेल, शास्त्रीजींसाठी रोह्याला आणि रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांसाठी महाड तालुक्यात. चिंतामणरावांसाठी रोह्याच्या खिडकीवर कितीही वेळ उभं राहिलं तरी हाती काही लागणार नाही.

जन्म घराण्याच्या गावी नोंदवला जात नाही, मूल जिथे जन्मतं तिथे नोंदवला जातो. दाखल्यासाठी होणाऱ्या बऱ्याच हेलपाट्यांचं मूळ इथेच आहे. कोकणात पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे थोरल्याची नोंद आजोळी आणि धाकट्याची घरी, हा प्रकार घरोघरी. शिवाय हमरापूरच्या सुनेचं बाळंतपण पेण शहरातल्या प्रसूतिगृहात झालं, तर ते बाळ कागदोपत्री पेण नगरपरिषदेचं. हमरापूर ग्रामपंचायतीच्या वहीत ते सापडणार नाही. नागोठण्यात जन्मलेल्याने नागोठणे ग्रामपंचायतीत जावं, रोहा शहरातल्याने रोहा अष्टमी नगरपरिषदेत. आणि केस अवघड म्हणून ऐन वेळी अलिबागला जिल्हा रुग्णालयात हलवली असेल, तर नोंद अलिबागला. आईच्या डिस्चार्ज कार्डावरचं दवाखान्याचं नाव आधी बघावं.

या सगळ्यामागचा कायदा म्हणजे जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) निबंधक असतो, शहरात नगरपरिषदेचा जन्म-मृत्यू विभाग हे काम बघतो आणि जिल्ह्याचं निबंधकपद जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे असतं. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची; ती देणाऱ्याला पहिला उतारा फुकट मिळतो. पुढच्या प्रतींचं शुल्क किरकोळ आहे. खर्च होतो तो एस.टी.च्या तिकिटांवर आणि बुडालेल्या रोजावर.

दाखला नीट वाचणारी माणसं थोडी. 'नमुना ५' असं छापलेल्या त्या मराठी-इंग्रजी कागदावर नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईबापांची नावं आणि पत्ते असतात. खाली नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख. ही माहिती मूळ नोंदवहीतून घेतली आहे, एवढंच तो कागद प्रमाणित करतो. म्हणजे खरी मालमत्ता वही. दाखला हरवला तर दुसरा मिळतो, वहीतली ओळच नसेल तर दाखला निघणार कशावरून? वही दर वर्षी नवी सुरू होते आणि क्रमांक पुन्हा एकपासून, म्हणून नुसता क्रमांक सांगून भागत नाही, साल लागतंच. वहीतली चूकही खोडता येत नाही. मूळ अक्षर तसंच ठेवून समासात दुरुस्ती लिहायची आणि निबंधकाने तारखेसह सही करायची, असं कायद्याचं कलम १५ सांगतं. मला हे कलम फार आवडतं. आपल्याकडची बरीच दप्तरं इतकी प्रामाणिक नसतात.

नावाचा घोळ मात्र जुना आहे. खबर बाराव्या दिवसाच्या आत दिली गेली आणि बारसं नंतर झालं, की वहीत उरतं नुसतं 'मुलगी' किंवा 'मुलगा', पुढे बापाचं नाव. नाव घालायला वर्षभर शुल्क नाही, पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण पुन्हा त्या खिडकीकडे जातो कोण? पासपोर्टच्या वेळी कळतं, की सरकारच्या लेखी आपण इतकी वर्षं बिननावाचे आहोत.

१९७० च्या मागे गेलं की दप्तर बदलतं. तेव्हाच्या खेड्यांतल्या जन्म-मृत्यूंसाठी गाव नमुना १४ असे. लोकांच्या तोंडी ते कोतवाल बुक. त्यातलं जे शिल्लक आहे ते तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, बासनात बांधलेलं. जुनी पानं मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हीच बासनं राज्यभर सोडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. जुन्या उताऱ्यावर जिल्हा 'कुलाबा' दिसला तर बिचकू नये. रायगड हे नाव १९८१ चं. परदेशातल्या वकिलातीतल्या कारकुनाला मात्र हे समजावून सांगावं लागतं.

परदेशाचा विषय पेण-रोह्यात नवा नाही. बेने इस्रायल समाजाची माणसं या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिली, शनवार तेली म्हणून ओळखली गेली. पेणला आणि अष्टमीला त्यांची प्रार्थनास्थळं आहेत. १९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आडनावं मात्र इथलीच घेऊन गेली: पेणकर, रोहेकर, अष्टमकर. आता नातवंडं आजोबांची जन्मनोंद शोधायला निघतात आणि आडनावाच्या मागोमाग थेट पेण गाठतात. इथेच फसगत होते. आडनाव पिढ्यांपूर्वीच्या गावाचं, आजोबा जन्मलेले मुंबईत, तेव्हा नोंद असलीच तर मुंबई महापालिकेत. नावांचाही पेच आहे. या समाजात अब्राहमचा आबाजी, सॅम्युएलचा सामाजी, एझिकेलचा हसाजी होत असे. तेल अवीवच्या कागदावरचा अब्राहम जुन्या वहीत आबाजी म्हणून बसलेला असू शकतो. अर्जात दोन्ही नावं द्यावीत, म्हणजे शोधणाऱ्या कारकुनाचे कष्ट वाचतात.

परदेशी कामासाठी नुसता दाखला पुरत नाही, त्यावर अपोस्टिल, म्हणजे हेग करारातल्या देशांत मान्य असलेलं प्रमाणीकरण, लागतं. भारतासाठी हा करार २००५ पासून लागू आहे. आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा हा प्रवास. नोंदच सापडली नाही, तर त्याच कार्यालयातून 'नोंद आढळत नाही' असं लेखी प्रमाणपत्र घ्यावं. अमेरिकेच्या व्हिसासाठी ते नातेवाइकांच्या प्रतिज्ञापत्रांसह चालतं. तोंडी 'नाही' ऐकून परतणारे लोक पुन्हा महिन्याभराने त्याच खिडकीवर येतात.

तेल अवीवला गेलेल्यांना निदान वकील मिळतो. याच दोन तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर प्रश्न वेगळा आहे. पावसाळा सरला की कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर बाहेर पडतात. मूल तिकडेच कुठेतरी जन्मतं, आणि २१ दिवसांत खबर द्यायची ती कोणत्या ग्रामपंचायतीत, हे भट्टीमालकालाही ठाऊक नसतं. वर्ष उलटलं की प्रकरण अवघड होतं. पूर्वी त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेला. पुढे बोगस दाखल्यांच्या तक्रारी झाल्या, जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने असे उशिराचे दाखले देणं थांबवलं आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. बोगसगिरी रोखायलाच हवी. पण पुरावे गोळा करायची ऐपत बनावट दाखला विकत घेणाऱ्याकडे असते, वाडीवरच्या आईकडे नसते. त्यातच १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच एक दाखला धरला जाणार आहे. शाळेने अंदाजे लिहिलेल्या '१ जून'वर पिढ्या निभावल्या, या मुलांचं तसं भागणार नाही. म्हणून सरकारने भट्टीवरच नोंदणीचं शिबिर न्यावं. वाडीवर ते भरतं तेव्हा माणसं तिथे नसतात.

संगणकावरच्या नोंदींसाठी 'आपले सरकार' आणि केंद्राचं नागरी नोंदणी पोर्टल आहे. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांपासून मात्र सावध राहावं. त्यांचा दाखला छापून हातात येतो आणि पडताळणीत उघडा पडतो. जुन्या नोंदीसाठी प्रत्यक्ष जाण्याला पर्याय नाही. जाताना आईचं माहेरचं नाव, जन्माचं ठिकाण आणि साल लिहून न्या. साल पक्कं नसेल तर मागचं-पुढचं एकेक वर्षही शोधायला सांगा. प्रती चार-पाच एकदम घ्या. आणि खिडकी सोडण्याआधी आईच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तपासा, सगळ्यात जास्त चुका तिथेच असतात.