हौशी बिनतारी : आधी कान, मग वाणी

बिनतारीचा छंद लागलेल्या माणसाची पहिली धाव दुकानाकडे असते. यंत्र कोणते घ्यावे, किती शक्तीचे घ्यावे, हाच त्याचा पहिला प्रश्न. माझ्या मते तो शेवटी यावा. या छंदात आधी कान तयार व्हावा लागतो. बोलणे मागाहून येते.

आरंभ ४० मीटरच्या पट्ट्यापासून करावा. ७ मेगाहर्ट्झच्या थोडे वर हौशी मंडळींची संभाषणे चालतात. साध्या रेडिओवर ती बदकांच्या कलकलाटासारखी वाटतात. कारण शक्ती वाचावी म्हणून मूळ वाहक लहर गाळून ध्वनीचा एकच पट्टा पाठवलेला असतो. तो उलगडणारा, म्हणजे 'एसएसबी'ची सोय असलेला रेडिओ हवा. एरियलला सुमारे १०-१० मीटर तांब्याच्या तारेचे दोन तुकडे पुरतात. मध्ये केबल जोडावी आणि तार विजेच्या तारांपासून दूर, उंच ताणावी.

आता ऐका. दिवसा जवळपासच्या प्रांतांतले आवाज येतील, रात्री दूरदेशीचे. दिवसा उन्हामुळे आकाशात विद्युत्भारित असा एक खालचा थर तयार होतो व तो लहरी शोषतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरचा थर लहरींना दूरवर परत भूमीकडे वळवतो. हे पुस्तकात वाचणे निराळे, स्वतःच्या कानांनी अनुभवणे निराळे.

वहीत तारीख, वेळ आणि संकेतनाम टिपत जा. 'व्हीयू'ने सुरू होणारी नावे आपल्या देशाची. बोलणारा आपले नाव सांगतो, थांबतो, दुसऱ्यास वाट देतो, हेही ध्यानात येईल. ही शिस्त अंगी बाणली की सरकारी परीक्षा जड जात नाही. १९७८च्या नियमांनी तर १२ वर्षांच्या मुलासही तिला बसू दिले होते. मात्र परवान्यावाचून एक शब्दही प्रक्षेपित करू नये. तो गुन्हा आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौसेखातर पोर्ट ब्लेअरहून जगाशी बोलत होते. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले. त्यांनी हौस बाजूला ठेवली आणि बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचवली. दूर कोठेतरी कोणी कान देऊन बसले होते, म्हणूनच ते निरोप घरोघर गेले. ते कान उद्या आपले असावेत.